कोवळी मुशी

राजूरच्या बाजारात माझं सुक्या मासळीचं पाल आहे. माझ्या आधी ते सासूबाईंचं होतं. त्या गेल्यावर त्यांचा तराजू माझ्याकडे आला, ताडपत्री आली आणि सागाची एक फळी आली. तराजूची जागा पुढे वजनकाट्यानं घेतली, ताडपत्र्या तर फाटतच असतात. फळी मात्र तीच आहे. दीड हात लांब, मिठानं पांढुरकी पडलेली, आणि एका टोकापासून हातभर अंतरावर विळ्यानं पाडलेली खाच.

ही खाच मुशीसाठी. मुशी म्हणजे शार्कचीच लहान जात. शार्क म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा जबडा आठवतो, पण आमच्याकडे येतो तो चिरून, खारवून, वाळवून, चुलीतल्या लाकडासारखा कडक होऊन. डोंगरातल्या बायका तो बाळंतिणीसाठी नेतात. मुशीच्या कालवणानं अंगावर दूध उतरतं असं खाली समुद्राकडे मानतात, आणि मासळीबरोबर ते मानणंही घाट चढून आमच्याकडे आलं. सासूबाईंचा नियम कडक होता. फळीच्या टोकापासून खाचेपर्यंत भरेल तीच मुशी बाळंतिणीची. कमी भरली तर ढिगात, बाकीच्या किरकोळ मालात. "येवढ्याशा जिवात काय कस असनार?" असं त्या म्हणायच्या. दुसरा रिवाज असा की बाळंतिणीच्या मुशीला घासाघीस करायची नाही आणि वर एक मासा जास्तीचा घालायचा. त्याला त्या 'बाळाचा वाटा' म्हणत. समोरची बाई कितीही भांडकुदळ असो, बाळाचा वाटा हातात पडला की ती हसायचीच.

सासूबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. माल व्यापारी आणून द्यायचा. ती खाच त्यांनी काही माशांवर दया म्हणून पाडलेली नव्हती, गिऱ्हाइकाला फसवायचं नाही एवढ्याचसाठी पाडली होती. पण आता मागे वळून पाहते तर वाटतं, त्या अडाणी बाईच्या विळ्यानं जे केलं ते शिकल्यासवरल्यांच्या कागदांनी होत नाही. मी बारावी शिकलेली. मीच ती खाच मोडली.

मोडली म्हणजे तासून टाकली नाही. झालं असं, की पाल माझ्याकडे आल्यावर पहिली काही वर्षं मुशी खाचेला भरायची. मग एका वर्षी बोटभर कमी भरली, पुढच्या वर्षी चार बोटं. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणे, मोठी येतच नाही हो, आहे हे घ्या नाहीतर तेही मिळायचं नाही. माझ्याकडे बारीक मुशीचा ढीग साठला. अशातच एका बाजारी एका बाईनं त्यातली एक उचलली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, "लई बारीक हाय की गं."

"बारीक न्हाई, कोवळी हाय," मी म्हटलं. "कोवळ्या मुशीनं दूध जास्ती येतं. जुनी काय, नुसतं चिपाड."

उचलली जीभ लावली टाळ्याला! याला काही आधार नव्हता. कुणी मला सांगितलेलं नव्हतं, कुठे वाचलेलं नव्हतं, त्या क्षणी तोंडात आलं आणि बोलून गेले. बाईनं मुशी घेतली, आणि बाजार उठायच्या आत शेजारणीला घेऊन परत आली. चार-सहा बाजारांत 'कोवळी मुशी' असा एक वेगळा मालच तयार झाला. बायका लांबून येऊन विचारायला लागल्या, कोवळी आहे का? मी फळी उलटी केली. खाच खाली गेली, वर सपाट लाकूड आलं. खरं सांगते, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

लेकीचं लग्न कोल्हारला ठरलं तेव्हा बैठकीतही मी हेच मिरवलं. विहीणबाई शेतीवाडीच्या घरातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांना मी म्हटलं, आमच्या घरातली बाळंतीण कधी दुधाला कमी पडत नाही, आमच्याकडे कोवळी मुशी असते. त्यांनी ते पक्कं ध्यानात ठेवलं.

कोवळीला इतकी मागणी झाली की व्यापारी पुरवेना. म्हणून दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी स्वतःच टेम्पोत बसून कसारा घाट उतरले आणि बंदरावर गेले. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, त्यामुळे आमच्या धंद्याची सगळी बेगमी वैशाखातच करावी लागते. ज्या कोळिणीचा माल आमच्या व्यापाऱ्याकडून यायचा तिचा पत्ता काढून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्याच वयाची बाई, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात कोयता, समोर ओल्या मुशींची टोपली. मी तिला ताई म्हटलं, तिनं मला चहा दिला.

चहा पिता पिता ती मुशी चिरत होती. एक जरा मोठी मुशी तिनं घेतली, सासूबाईंच्या खाचेला सहज भरली असती अशी. पोटावरून कोयता फिरवला आणि आत हात घालून एकेक करून पिल्लं बाहेर काढली. वीत-वीतभर पिल्लं, डोळे उघडे, एकाची शेपटी हलत होती. आणि प्रत्येकाच्या पोटाला नाळ होती. मी मासळी विकण्यात अर्धं आयुष्य घालवलं, पण माशाला नाळ असते हे मला ठाऊक नव्हतं. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"ही तुमची कोवळी," ती म्हणाली. "घाटावर लय खपते ना? तुमचा व्यापारी हीच मागतो. पूर्वी आम्ही पोटातली पिल्लं फेकून देत होतो."

तिनं ते टोचून वगैरे म्हटलं नव्हतं. पण माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. ती पिल्लं तिनं बाजूच्या पाटीत टाकली. त्या पाटीत आधीची होतीच. सगळीच पोटातली नव्हती, काही जन्मून पोहायला लागलेली, तेवढीशीच.

बंदराच्या फाटकाशी सरकारी फलक होता, त्यावर माशांची चित्रं आणि कुठला मासा केवढा झाल्याशिवाय धरायचा नाही त्याची मापं. मी ताईला विचारलं, हा फलक कुणी पाळतं का? ती हसली.

"माझा नवरा एक वर्ष मोठ्या आसाचं जाळं घेऊन गेला," ती म्हणाली. आस म्हणजे जाळ्याचं भोक. "बारीक मासा निसटून जाईल, वाढेल, पुढच्या साली मिळेल म्हणून. मागून येणाऱ्या होडीनं बारीक जाळं टाकलं आणि आम्ही सोडलेलं सगळं उचललं. मग आमी काय फक्त समुद्राची हवा खायची? बोंबलाचं ठीक हाय, तो ढिगानं अंडी टाकतो. मुशी बाईमाणसासारखी. पोटात वाढवते, मोजकी देते. आई पण उचलली, पिल्लं पण उचलली, तर उद्या जाळ्यात काय येणार?"

"मग नका ना विकू," मी म्हटलं.

"तू नको ना घेऊ," ती म्हणाली. आणि पुढची मुशी उचलली.

त्या दिवशी मी बोंबील घेतले, जवळा घेतला, बांगडे घेतले. मुशी एकही घेतली नाही. परतताना घाटात टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, वहिनी, तब्येत बरी आहे ना? मला सारखी ती हलणारी शेपटी दिसत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, या सगळ्याची सुरुवात त्या बंदरावर झालेली नाही, माझ्या पालावर झाली, हे मला कळलं होतं. जाळं समुद्रात टाकतात खरं, पण त्याचं दुसरं टोक राजूरच्या बाजारात माझ्या हातात होतं.

घरी आल्यावर मी फळी धुतली, सुलटी केली आणि खाच वर आणली. कोवळी मुशी विकायची नाही असं मी ठरवलं. पण नुसतं ठरवून गप्प बसणारी मी नव्हे. जी बाई मुशी मागायला येई तिला मी उभं करून सगळं सांगायची. पोटातली पिल्लं, नाळ, शेपटी, सगळं. माझा आवाज आधीच मोठा, त्यात बाजार. शेजारचा मिरचीवाला म्हणायचा, "सुरू झालं कीर्तन." बायका ऐकायच्या, मान हलवायच्या आणि समोरच्या पालावर जायच्या.

कारण समोर एक नवा तरुण पोरगा टेम्पो लावायला लागला होता. टेम्पोवर भोंगा, त्याच्यातून दिवसभर एकच टेप, 'कोवळी मुशी, बाळंतिणीची मुशी, एकदा न्या, दुधाची काळजी सोडा.' माझंच वाक्य, माझ्याच तोंडासमोर. मी नाही विकली तर तो विकत होता. ताईच्या नवऱ्याच्या मागची होडी मला राजूरात भेटली. मी त्याला शिव्या घातल्या, त्यानं हात जोडले आणि भोंगा थोडा मोठा केला.

या सगळ्यात एका म्हातारीचं मला लागून राहिलं. वरच्या पाड्यावरची, साठीच्या पुढची, सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मी तिला मावशी म्हणते. दर बाजारी डोंगर उतरून यायची, बोंबील न्यायची, आणि बोंबील घेण्याआधी घटकाभर टेकून पाड्यावरच्या बातम्या सांगायची. गेल्या वर्षी ती मुशी मागायला आली. सून बाळंत झाली होती, पहिलंच बाळ, अंगावर दूध कमी. मी तिला दिली नाही. माझ्याकडे नव्हतीच. पण नाही एवढंच सांगून गप्प बसायचं, तर मी तिलाही सगळं कीर्तन ऐकवलं, आणि शेवटी म्हटलं, "मावशी, आपल्या लेकरासाठी दुसऱ्या आईच्या पोटातलं वडून खायाचं व्हय?"

तिनं माझ्याकडे बघितलं, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि गेली. त्यानंतर ती आलीच नाही. एक बाजार, दोन बाजार, मग महिने. मी धरून चालले की ती दुखावली आणि समोरच्याकडून नेते. मला रागही आला आणि लाजही वाटली. दुसऱ्याच्या घरात बाळ उपाशी रडत असताना त्याच्या आजीला उपदेश करायला काय जातं? पण मी मनाला सांगितलं, तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. चौथ्या दिवशी घरी आणलं. पण दूध काही उतरेना. बाळ छातीला लावायचं, ते दोन मिनिटं चोखायचं, मग तोंड बाजूला करून रडायचं. रडून रडून लाल व्हायचं, मग आवाज बसायचा, आणि बसलेल्या आवाजात रडायचं. ते दुसरं रडणं ऐकवत नाही. नर्सबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, पहिलटकरणीला वेळ लागतो, बाळाला सारखं छातीला लावत राहा, भरपूर पाणी, डाळी, अंडी, पालेभाजी, जे सकस असेल ते खाऊ दे, घाबरू नका. तोवर वाटी-चमच्यानं वरचं दूध कसं द्यायचं तेही त्यांनी शिकवलं. लेक भिंतीकडे तोंड करून पडायची. "आई, मलाच का गं नाही?" असं एकदाच म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कोल्हारहून विहीणबाईंचा फोन दिवसातून दोनदा. चौथ्या दिवसापर्यंत गोड होता.

"विहीणबाई, कोवळी मुशी दिली का?"

"देते, देते," मी म्हणायची.

पाचवीच्या दिवशी गोडी संपली. "तुमीच म्हनला हुता ना, आमच्या घरात बाळंतीण दुधाला कमी पडत न्हाई? मग आता काय झालं? सगळ्या गावाला देता आन् पोटच्या पोरीला न्हाई व्हय?"

त्यांना काय सांगणार होते मी? की कोवळी मुशी ही थाप आहे आणि ती मीच मारली होती? फोन स्पीकरवर होता. लेक ऐकत होती. ती उठून बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिलाही लहानपणापासून तेच ऐकून माहीत होतं.

"आई, खरंच देत का नाहीस?" तिनं विचारलं.

मी तिला बंदरावरचं सांगितलं होतं, पूर्वीच. तेव्हा तिलाही वाईट वाटलं होतं. पण त्या घडीला तिच्या मांडीवर ते आवाज बसलेलं बाळ होतं. मी म्हटलं, आणते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाळंतपणामुळे मी पाल लावलं नव्हतं. दुपारी डोक्यावरून पदर घेतला, चांगला कपाळाच्या खाली ओढला, आणि स्वतःच्या रिकाम्या जागेसमोरून मान खाली घालून गेले. गेली दोन वर्षं ज्या जागेवर उभी राहून मी जगाला शिकवत होते ती जागा तशी पुष्कळच लहान आहे, हे त्या दिवशी दिसलं. समोर टेम्पो. भोंगा चालूच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांवर किती वेळा फेकली असेन, त्या दिवशी ती चालत माझ्याबरोबर आली.

टेम्पोजवळ पाचसहा बायका होत्या. आणि त्यांच्यात, पाठमोरी, ती मावशी. पिशवी पुढे धरून सुकट घेत होती. म्हणजे खरंच इकडे यायला लागली होती. मी टेम्पोच्या दुसऱ्या बाजूला गेले, पदर आणखी ओढला आणि हळूच पोराला म्हटलं, "सा कोवळ्या मुश्या दे."

त्यानं ओळखलं. माझा आवाज अख्खा बाजार ओळखतो, हळू असला तरी. मला वाटलं, आता हा चार लोकांत माझं नाक कापणार. त्याची ती संधीच होती. पण त्यानं भोंगा बंद केला. सहा पिल्लं कागदात बांधली. किंमत मी विचारली नाही, त्यानं सांगितली तेवढी दिली. मग त्यानं ढिगातून आणखी एक उचललं आणि वर ठेवलं.

"बाळाचा वाटा, काकू," तो म्हणाला. "तुमच्या सासूबाईंच्या पालावर शिकलो. माझी आई न्यायची."

मी पुडकं पदराखाली धरलं आणि घरी आले. रस्ताभर मला रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता, दोन्ही एकाच वेळी.

मुशी शिजवण्याआधी भिजत घालून मीठ काढावं लागतं. पाण्यात घातल्यावर ती पिल्लं जरा फुगली, मऊ झाली, आणि मी त्यांना चोळून धुवायला घेतलं. पुढच्या दोन परांच्या मधोमध, पोटाच्या बाजूला, एकाला बारीकशी खूण होती. बोटाला लागली म्हणून मी उजेडात धरून पाहिलं. नाळेची खूण होती. बाकीच्यांनाही होती. आत खोलीत माझ्या नातीची नाळ अजून पडायची होती, तिच्या बेंबीला नर्सबाईंनी लावलेला चिमटा तसाच होता. मी ती सातही पिल्लं साफ केली, लसणाची फोडणी दिली, तिखट कमी घातलं आणि कालवण केलं. हे मी कुणी करायला लावलं म्हणून केलं असं म्हणणार नाही. थाप आहे हे माहीत असून केलं. बाळ रडत असताना माणूस स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेकीची चोळी भिजली. बाळ पोटभर प्यालं आणि दुपारभर झोपलं. लेक हसली, मग रडली, मी पण. दूध कशानं आलं? नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे वेळ झाली म्हणून, की बाळाला दिवसरात्र छातीला लावलं म्हणून, की लेकीच्या मनावरचं ओझं उतरलं म्हणून? नर्सबाई म्हणाल्या, येणारच होतं. विहीणबाईंनी मात्र अख्ख्या कोल्हारला सांगितलं, कोवळ्या मुशीनं आलं, विहिणीच्या हातचा गुण. त्यांच्या भावकीतल्या एका सुनेला दिवस गेले होते. तिच्यासाठी चार आताच ठेवून द्या, असा निरोपही आला.

पुढच्या बाजारी मी पाल लावलं. बोंबील मांडले, जवळा मांडला. फळी ठेवावी की नाही याचा बराच वेळ विचार केला आणि सवयीनं ठेवली, खाच वर करून. समोर भोंगा सुरू झाला. नेहमी त्याच्याकडे बघून मी काहीतरी पुटपुटायची, त्या दिवशी मान वर केली नाही.

ऊन चढल्यावर मावशी आली. सरळ माझ्या पालावर आली आणि पूर्वीसारखी टेकली. पिशवीतून एक फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून फळीवर ठेवलं.

"नागली हाय," ती म्हणाली. आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. "नवी. लेकीला पेज करून दे. लेक बाळंत झाली म्हनं तुजी."

मी विचारलं, "इतके महिने कुटं हुतात, मावशी?"

"जुन्नरकडं गेल्तो आमी. टमाट्याच्या कामाला. सगळं घरच गेल्तं, सून बी, लेकरू बी. मागल्या बाजारी आले तर तुजं पाल न्हाई. सुकट तेवडी त्या पोराकून घेतली."

"आन् सुनंच्या दुधाचं काय झालं हुतं?" मी विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं, पण वर्षभर ते मनात राहिलं होतं.

"आलं की. नागलीची पेज पाजली, बाळाला लावत ऱ्हायलो, आलं धा-बारा दिसांनी. तवर बकरीचं पाजलं थोडं थोडं." मग ती पुढे वाकली. "तू सांगितलं हुतं ना, पिल्लांना नाळ असती म्हनून? मी सुनंला सांगितलं. ती म्हनली, नगं मंग. पाड्यावर बी सांगितलं समद्या बायांना. आता आमच्याकडं कोनी न्हाई घेत."

तिच्या घरचं बाळ दहा-बारा दिवस रडलं होतं. माझं सहा दिवस रडलं तेवढ्यात मी पदर ओढून टेम्पोमागे गेले होते. मी बोंबील तोलायला घेतले, काट्यावरचे आकडे मला दिसेनात.

"तुज्या लेकीला आलं का दूध?" तिनं विचारलं.

"आलं."

"काय दिलं?"

"डाळी, अंडी," मी म्हटलं. "नर्सबाई म्हनल्या ते."

ती "बरं झालं" म्हणाली, बोंबील पिशवीत घातले आणि उठली. दहा पावलं गेली असेल. मग माझ्यानं राहवेना. माझा आवाज पुन्हा तसाच आला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा. मिरचीवाल्यानं मान वळवली, समोरच्या पोरानं भोंगा खाली केला.

"मावशी! मी मुशी दिली लेकीला. कोवळी. सात पिल्लं. त्याच्याकून आनली. कोवळीचं ते दुधाचं बी खोटं हाय, मीच उटवलं हुतं, माल खपावा म्हनून."

सगळे बघत होते. मावशी वळली आणि परत आली. फळीजवळ येऊन उभी राहिली. तिला धक्का बसेल, ती चिडेल, निदान काहीतरी म्हणेल, असं मला वाटलं. तिनं गाठोडं उचलून माझ्या बाजूला सरकवलं, खाचेच्या अलीकडे.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी तितंच हुते की, टेम्पोपाशी. म्हनून तर नागली आनली."